कावळ्याला दिलेला शब्द

रविवारची दुपार. पोटात भाकरी आणि वांग्याचं भरीत आहे, डोक्यावर पंखा आहे, खिडकीला जाड पडदा आहे; झोप यायला माणसाला आणखी काय लागतं? पण उज्ज्वलाची झोप दारापर्यंत येते आणि तिथूनच माघारी जाते. तिच्याआधी सिगारेटचा वास आत येऊन पलंगावर बसलेला असतो.

गॅलरीत तिचा नवरा, श्रीकांत, जेवणानंतरची ओढतोय. घरात ओढायची नाही, दार लावून बाहेर ओढायची, असा करार झालाय आणि बिचारा तो पाळतो. पण दाराखाली बोटभर फट आहे आणि धुराला करारबिरार काही कळत नाही. श्रीकांत औषधाच्या दुकानात बसतो. दिवसभर लोकांना खोकल्याच्या बाटल्या देतो आणि येताना बायकोसाठी सिगारेट सोडायची च्युइंगगम आणतो. ती तिच्या हातात ठेवतो आणि स्वतःचं पाकीट घेऊन गॅलरीत जातो. याला प्रेम म्हणावं की काय म्हणावं, हे उज्ज्वलाला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तीही शेजारच्या खुर्चीत असायची. कॉलेजपासूनची सवय. त्यांचं लग्न ठरलं ते एका सिगारेटचे दोन वाटे करताना. भांडणं मिटली ती त्या गॅलरीत. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी अख्खं पाकीट संपलं तेही तिथंच. मिरजेच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी बाई सिगारेट ओढते, हे सगळ्या जगात एका श्रीकांतला आणि ज्यात राख झाडायची त्या कोरफडीच्या कुंडीला ठाऊक होतं. मग उज्ज्वलाचे वडील, आप्पा, गेले. आणि त्यांच्या दहाव्याला सगळा गोतावळा जमलेला असताना तिनं आपल्या तोंडानं ते जाहीर केलं.

झालं असं, की कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. पिंपळावर चांगले चार-पाच बसले होते, पण खाली उतरायचं नाव नाही. उज्ज्वलाच्या भावानं हात जोडले, "आप्पा, आईला काही कमी पडू देणार नाही." कावळे ढिम्म. काका म्हणाले, "दादा, तुमच्या पानटपरीची जागा विकणार नाही." एकानं नुसती मान फिरवली. ऊन चढलं, पोरं भुकेली झाली, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा आत्यानं उज्ज्वलाला पाठीत ढोसून पुढं केलं. "तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. बोल की काहीतरी!" उज्ज्वलाला काही सुचेना, आणि न सुचताच तोंडातून निघून गेलं, "आप्पा, मी सिगारेट सोडते."

कावळा उतरला. भाताला चोच लावली. आणि घाटावरची सगळी माणसं कावळ्याकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत राहिली. श्रीकांत तिच्या मागं हात जोडून उभा होता. त्यानं काही सोडलं नाही. परतताना आत्या तिच्या कानाला लागली, "आता ओढलीस तर तुझा बाप परत लोंबकळंल बघ. ना इकडचा ना तिकडचा."

तेवढा एक शब्द तिला धरून आहे, दुसरं काही नाही. फुप्फुसाची आकृती ती फळ्यावर डोळे झाकून काढते. त्याचा आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. आणि आता तो शब्दही पुरेनासा झालाय. ती वर्गात मुलांवर खेकसते. श्रीकांत कुशीवर वळून तिच्याकडं तोंड करून झोपला की तिला त्याच्या श्वासाचा संताप येतो, आणि तरी ती नाक पुढं नेऊन तोच श्वास घेते. काल तर कुंडीतलं थोटूक उचलून तिनं ओठांत धरलं. पंचेचाळिशीची बाई, कुंडीतलं थोटूक! मग चूळ भरली आणि बाथरूमची कडी लावून रडली. आज तिनं ठरवून टाकलंय. जरा डोळा लागू दे. उठलं की गॅलरीत जायचं आणि एक मागायची. आप्पा लोंबकळले तर लोंबकळू देत. असं मनात आलं आणि तिची तिलाच इतकी भीती वाटली की तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

पंखा फिरतो. फिरता फिरता त्याचा आवाज सिनेमाच्या मशीनचा होतो, आणि पडद्यामागून कुणीतरी मोठ्यानं हसतं. उज्ज्वला रांगेत उभी आहे.

रांग तिच्याच बेडरूममध्ये आहे. कपाट असतं तिथं आप्पांची पानटपरी आहे. निळा रंग उडालेली, टॉकीजसमोर जन्मभर होती तीच. मध्यंतर झालंय. माणसं पलंगाला वळसा घालून येतात, सिगारेट घेतात, खिळ्याला टांगलेल्या काथ्याच्या जळत्या दोरीवर पेटवतात आणि खिडकीतून बाहेर चालत जातात. तिसरा मजला आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. उज्ज्वलालाही त्याचं काही वाटत नाही.

आप्पा आत मांडी घालून बसलेत. लाल ओल्या फडक्यानं विड्याची पानं एकेक करून पुसतात आणि देठ खुडतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आप्पांची मेल्यावरही गेलेली नाही. साऱ्या मिरजेला या माणसानं तंबाखू पुरवली आणि स्वतः सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही.

"काय देऊ?" ते मान वर न करता विचारतात.

"आप्पा, मी."

ते चष्म्यावरून बघतात. "उजे? आलीस व्हय! जरा बाजूला हो, मागं गिऱ्हाईक हाय." मग हात थांबतो. "का तूच गिऱ्हाईक?"

उज्ज्वलाला रडू येतं. आजारात त्यांचा आवाज पार गेला होता. आता तो परत खणखणीत आहे, आणि त्यांनी तिला त्या आवाजात हे विचारावं! "तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणते.

"काय? तू वढतीस त्ये? दिवाळीला पाया पडाय वाकायचीस, तवा बोटांचा वास यायचा. जनमभर त्योच वास घिऊन बसलोय मी. मला न्हाई कळणार?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू माझ्याकडं कवा मागितलीस?" आप्पा मागं हात घालतात आणि एक सिगारेट काढून तिच्यासमोर फळीवर ठेवतात. "हीच न्हवं तुझी?"

तीच आहे. पांढरी, कोरी. उज्ज्वलाच्या तोंडाला पाणी सुटतं, वडिलांसमोर उभी असताना सुटतं, आणि तिला स्वतःची किळस येते.

"आप्पा, नाही म्हणा ना."

"कुणाला?"

"मला. म्हणा, मिळणार नाही. म्हणा, चालती हो."

"आपल्या दुकानात तशी पद्धत न्हाई बाळ. गिऱ्हाइकाला न्हाई म्हणत बसलो असतो, तर तुझं बी.एड. झालं असतं व्हय?"

पायांना गार लागतं म्हणून ती खाली बघते. फरशी नाही, घाटाची पायरी आहे, आणि पाणी घोट्यापर्यंत आलंय. टपरी तशीच आहे, रांगही तशीच आहे. फक्त बरण्यांच्या मागून कृष्णा वाहते, आणि बडीशेपेच्या बरणीच्या झाकणावर एक कावळा येऊन बसलाय. आप्पा फडकं उगारतात. "हाड! दिसंल त्यात चोच घालाय पायजे ह्याला."

"याच्यासमोर मी तुम्हाला शब्द दिला," उज्ज्वला म्हणते. "याच्यासमोरच."

"ह्याच्यासमोर?" आप्पांना खरंच हसू येतं. "ह्यो तुमच्याकडं यायच्या आधी दुसऱ्या कुणाचं दहावं जेवून आलता. प्वाट भरल्यालं, कशाला उतरतोय? मग जरा जिरलं, उतरला. कावळा बसायला आन् फांदी मोडायला एकच गाठ पडली. तू त्याला शब्द म्हणतीस!"

"पण तुमचा जीव अडकला होता. आत्या म्हणाली."

"आक्कीचं काय ऐकतीस? मी त्या दिवशी घाटावर न्हवतोच."

"मग कुठं होतात?"

"हितं. खेळ सुरू व्हायचा हुता. दुकान कोण उघडणार?"

उज्ज्वला फळीचा काठ धरते. "म्हणजे मी ओढली तरी तुम्ही लोंबकळणार नाही?"

"मी कशाला लोंबकळू? वढ की. मेल्या माणसाचं काय जातंय त्यात?"

बापाचा जीव सुटलाय, कुठं अडकून पडलेला नाही, जिथं आहे तिथं पानं पुसत मजेत आहे. हे ऐकून लेकीनं खरं तर देवापुढं साखर ठेवायला हवी. पण उज्ज्वलाला वाटतं, आता आपल्याला कुणी वाली उरला नाही. इतके दिवस ती ज्या भिंतीला टेकून उभी होती, तिथं भिंतच नव्हती.

"असं नका म्हणू," ती हात जोडते. "रागवा. शिव्या द्या. भूत होऊन माझ्या मानगुटीवर बसा, पण असं नका म्हणू. तुमच्या भीतीवर तगून आहे मी, आप्पा. ती काढून घेतलीत तर माझ्याकडं काही नाही. मला काल कुंडीतलं थोटूक..."

आप्पा पान पुसायचे थांबतात. फडकं मांडीवर पडतं. त्यांनी तिला असं बोलताना कधी ऐकलेलं नाही, आणि तिनंही त्यांना असं गप्प झालेलं कधी बघितलेलं नाही. "उजे," ते हळू म्हणतात, "जित्यापणी मी कुणाची सोडवली न्हाई. आता कुठनं सोडवू? मला न्हाई येत गं त्ये काम."

"मग याला तरी सांगा."

तिच्या मागं रांगेत श्रीकांत उभा आहे. कॉलेजातला, गालफडं बसलेला, चौकटीचा शर्ट घातलेला. एवढ्या माणसांत चेहरा असलेला तो एकटाच. तो उज्ज्वलाकडं बघतो, ते रांगेत पुढं उभ्या असलेल्या कुणा परक्या बाईकडं बघावं तसं. पाणी आता त्याच्या गुडघ्याशी आहे.

"सांगा त्याला आप्पा. तो रोज माझ्यासमोर ओढतो. मी काय करू? टाकून जाऊ त्याला? मला त्याच्याशिवाय करमत नाही, आणि त्याच्याजवळ मला श्वास घेता येत नाही."

"त्यानं बी त्या दिवशी हात जोडलं हुतं," आप्पा म्हणतात. "घाटावर. माझं नाव घिऊन कायतरी पुटपुटला."

"तुम्ही तर नव्हता म्हणालात तिथं."

"आपलं नाव घेतलं की ऐकू येतंय हितं."

"काय म्हणाला तो?"

आप्पा मान हलवतात. "त्ये त्यालाच इचार. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायची सवय न्हाई मला."

घंटा वाजते. मध्यंतर संपलं. माणसं धूर सोडत, हसत, घाईघाईनं पाण्यातून पळतात आणि टॉकीजच्या दारातून अंधारात शिरतात. श्रीकांतही शिरतो, वळून बघत नाही. घाट नाही आता, बेडरूमही नाही, नुसता मोकळा रस्ता आहे. आप्पा उठून टपरीच्या फळ्या लावायला लागतात. एक, मग दुसरी. उज्ज्वलाच्या बोटांत सिगारेट आहे. तिनं ती कधी उचलली?

"आप्पा, थांबा."

"खेळ सुरू झाला, बाळ."

काथ्याची दोरी खिळ्यावर लोंबतेय. तिचं टोक लाल आहे. उज्ज्वलाचा उजवा हात तिच्याकडं निघालाय. तिला विचारून निघालेला नाही, पण निघालाय, आणि तिला तो थांबवता येत नाही. तिला लाज वाटते आणि भयंकर आनंदही होतो. आता फक्त वीतभर राहिलंय. सिगारेटच्या टोकाला ऊब लागते.

तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरतं. असं धरतं की हाड दुखावं. हात पुढं जात नाही.

"आप्पा!" ती ओरडते. सुटकेनं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. "सोडू नका! आप्पा, सोडू नका मला!"

फळ्यांच्या आतून आप्पांचा आवाज येतो, लांबून, थोडा गोंधळलेला. "मी कुठं धरलंय, उजे? माझं दोन्ही हात फळीला हायत."

डोळे उघडतात. पडद्याच्या कडेनं चारचं ऊन आत आलंय. पंखा फिरतोय, कपाट जागेवर आहे. उशी ओली आहे. उजवं मनगट ठणकतंय म्हणून उज्ज्वला ते डोळ्यांसमोर धरते. त्याच्यावर लाल वळ उठलेत, एकाखाली एक, चार. आणि दुसऱ्या बाजूला एक आखूड, जाड. दोन ठिकाणी नखं रुतून रक्त येऊ घातलंय.

"काय गं?" श्रीकांत दारात उभा आहे. "केवढ्यानं ओरडलीस. सोडू नका, सोडू नका. मी घाबरलो."

ती उठून बसते. "श्रीकांत, आप्पांच्या दहाव्याला हात जोडून तू काय म्हणाला होतास?"

"मी? मी काय म्हणणार? नमस्कार केला."

"काहीतरी पुटपुटलास."

तो पलंगाच्या कडेला येऊन बसतो आणि आपले तळवे बघत राहतो. त्याचा चेहरा उतरलाय. "ऐकू गेलं होतं तुला," तो म्हणतो. "आणि इतके दिवस बोलली नाहीस."

"तू बोल."

"म्हणालो, आप्पा, हिला जमू देऊ नका."

उज्ज्वलाला वाटतं, याच्या कानाखाली वाजवावी. "का?"

"मला जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी एकटाच बसणार तिथं." त्याचा आवाज फुटतो. "पोर नाही, बाळ नाही, आपलं काय होतं दुसरं, उज्ज्वला? दोन खुर्च्या होत्या. ती रिकामी खुर्ची बघवत नाही गं मला."

ती त्याच्याकडं बघते. चांगला माणूस आहे. तिच्यासाठी जीव देईल. आणि तिनं हरावं म्हणून त्यानं तिच्या मेलेल्या बापाला साकडं घातलं होतं. दोन्ही खरं आहे. तिला त्याची दया येते. त्याहून जास्त स्वतःची येते.

श्रीकांत डोळे पुसतो, खिशात हात घालतो आणि पाकीट काढतो. अंगठ्यानं एक वर सरकवून तिच्यापुढं धरतो, अगदी मायेनं, आजाऱ्यापुढं औषध धरावं तसं. "घे. एक ओढ. तुझे हाल बघवत नाहीत मला. आत्याला कोण सांगायला जातंय?"

वास येतो. आत्याचं भय आता नाही, आप्पांचंही नाही. पानं पुसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं त्यात काहीच जाणार नाही, हे तिला आता पक्कं माहीत आहे. अडवायला कुणी नाही. चादरीवर ठेवलेला उजवा हात उचलला जातोय, हे तिला दिसतं.

तेव्हा ती डावा हात आणते आणि मनगटावरच्या वळांवर एकेक बोट ठेवून बघते. चारही बसतात. मग अंगठा ठेवते, तोही बसतो.

श्रीकांत अजून पाकीट पुढं धरून आहे. "घे ना," तो म्हणतो.

उज्ज्वला बोटं काढत नाही.